मरगळीचा तिसरा अर्थ

"शुक्रवारपर्यंत वाक्य आणतो! आणि उगाच गावभर वणवण करून नाही, माझ्या स्वतःच्या घरातून आणतो!"

टिपकागदानं ऑफिसात छाती पुढे काढून हे सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं होतं, की दूध आणायला गेलेल्या माणसानं येताना काडेपेटी आणावी इतकं ते सोपं आहे. काडेपेटीच होती ती! ती आपल्याच घराला लागणार आहे, एवढंच काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

आधी ओळख करून द्यायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, कोण हा टिपकागद आणि वाक्यं काय भाजीसारखी आणतात? आणतात! बोलीभाषेचा एक मोठा कोश कित्येक वर्षं तयार होत होता, आणि घाई कुणालाच नसल्यामुळे नीट तयार होत होता. तिथला नियम असा, की शब्दाचा अर्थ तुम्हाला माहीत असून काडीचा उपयोग नाही. त्या अर्थानं तो शब्द जिवंत माणसानं, कुणी न विचारता, आपण टिपले जातोय हे माहीत नसताना उच्चारलेला हवा. विचारून काढलेलं वाक्य बाद. पुस्तकातलं बाद. कोशात काम करणाऱ्याच्या तोंडचं तर साफ बाद, कारण स्वयंपाक्यानं आपल्याच हातच्या जेवणाला वा म्हणू नये.

आपला नायक या कामात इतका मुरला होता, की जे कानावर पडेल ते शोषून घ्यायचा. म्हणून टिपकागद. सासरे वारले तेव्हा सासूबाईंनी फोडलेला हंबरडा त्यानं उभ्या उभ्या लिहून घेतला होता आणि "गेलात हो मला टाकून" यातल्या 'हो'वर पुढे त्याचं एक टिपणही छापून आलं. सासूबाईंना त्यानं ते मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. त्या दिवसापासून सासूबाई त्याच्यासमोर रडल्या नाहीत.

ऑफिसात त्याच्या समोरच्या टेबलावर अनुस्वार बसे. बोलणं नाकातून आणि सवय दुसऱ्याच्या डोक्यावर बसायची. या दोघांच्या वर मुख्य संपादक. ते बोलले की विषय संपला, म्हणून त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. अर्थात मागून.

तर झालं असं, की 'म'चा खंड छापायला जायचा होता आणि गाडी 'मरगळ' या शब्दावर येऊन अडकली. तिच्यामागे मरण, मरतुकडा, मरमर असे सगळे खोळंबून उभे. मरणाची ददात नव्हती! मरणाचं ऊन, मरणाची गर्दी, मरणाची घाई. लोक मरणाला सारखे तोंडात घेऊन फिरतात. मरगळीचा पहिला अर्थ अंगाचा, म्हणजे तापातून उठल्यावर येते ती. त्याची वाक्यं होती. दुसरा अर्थ धंद्याचा, बाजारात येते ती मरगळ. दुकानदारांनी ती पोत्यानं दिली होती. पण तिसरा अर्थ मनाचा. आजार नाही, दुःख नाही, दमण्यासारखं काही केलेलं नाही, तरी मनावर येते ती. त्याचं एकही वाक्य नव्हतं.

"कसं असेल?" अनुस्वार नाकातून म्हणाला. "हल्ली लोकांना डिप्रेशन येतं, नाहीतर ते बोअर होतात. मरगळ कुणाला परवडते?"

"शुक्रवार," पूर्णविराम म्हणाले. "वाक्य नाही, तर अर्थ नाही. तिसरा अर्थ खंडातून काढणार. आणि दुसरं. या खंडानंतर मला एकच सहायक ठेवता येणार आहे. जो वाक्य आणेल, तो राहील."

संपला विषय. आणि याच क्षणी टिपकागदानं छाती पुढे काढली होती.

घरी जाताना त्यानं सगळा बेत आखला. विचारायचं नाही, सुचवायचं नाही. मग करायचं काय? तर घरातच मरगळ आणायची! जमीन भिजवली की गवत उगवतं, तशी घरात मरगळ आली की कुणाच्या ना कुणाच्या तोंडी शब्द येणारच. घरात माणसं भरपूर होती. बायको होती, ती बसडेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर कामाला होती. सासूबाई होत्या. आणि बदली होऊन आल्यापासून तिथंच मुक्काम ठोकलेला मेहुणा होता. तो विमा विकायचा.

टिपकागदानं घरात शिरल्या शिरल्या पडदे ओढले. लख्ख दिवे काढून त्या जागी संडासातल्यासारखे मिणमिणते दिवे लावले. भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढले. रेडिओच्या पोटातली एक तार उपटली. "डॉक्टरांनी सांगितलंय" असं म्हणून जेवणातलं मीठ बंद केलं. डॉक्टरांनी कुणाला सांगितलंय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. मग तो खुर्ची मधोमध ओढून बसला आणि वातावरणाला हातभार म्हणून मोठमोठे उसासे टाकू लागला. फुटबॉलमधली हवा सोडावी तसे!

दुसऱ्याच दिवशी पिकाला कोंब आले.

"मेला कंटाळा आलाय नुसता!" सासूबाई म्हणाल्या.

टिपकागदाचे कान टवकारले आणि परत पडले. कंटाळा! छे! कंटाळा म्हणजे हे नको, दुसरं काहीतरी द्या. कंटाळलेल्या माणसाला पत्त्यांचा डाव मांडून दिला की तो बरा होतो.

"दाजी, जाम सुस्ती आलीय हो," मेहुणा सोफ्यावर पसरून म्हणाला.

सुस्ती! म्हणजे पोट भरलंय आणि उठायची गरज नाही. ही खात्यापित्या घरची गोष्ट!

पुढे आळस आला. करता येतं, पण करत नाही, तो आळस. शीण आला. खूप केलं म्हणून आता होत नाही, तो शीण. वैताग आला, वीट आला, पेंग आली, डोकं आऊट झालं, मूड गेला. सगळे आले, नुसती मरगळ येईना! टिपकागदाला तिची व्याख्या तोंडपाठ होती: हेही नको, तेही नको, आणि 'नको' म्हणायचा उत्साहसुद्धा नको. पण व्याख्येला विचारतो कोण? वाक्य हवं होतं!

बायकोकडून त्याला फारशी आशा नव्हती. ती मुळात कमी बोले. संध्याकाळी डेपोतून यायची, चपला काढायची, मिणमिणत्या उजेडात बिनमिठाचं जेवायची आणि खिडकीशी जाऊन बसायची. खिडकीवर पडदा होता. ती पडद्याकडे बघायची.

"काय गं, काय झालं?" त्यानं एकदा नियमात बसेल इतपत विचारलं.

"काही नाही."

'काही नाही'ची वाक्यं 'क'च्या खंडात ढिगानं जाऊन चुकली होती. त्यानं पेन मिटलं.

इकडे मेहुण्याच्या डोक्यात मात्र वेगळीच चक्रं फिरू लागली. विम्याच्या धंद्यात माणूस मरणाकडे जरा आपुलकीनं बघायला शिकतो. त्यानं आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, दाजींचं लक्षण ठीक नाही."

"का रे बाबा?"

"बघ ना! अंधार करून बसतात. घड्याळ बंद पाडलं, म्हणजे वेळेत रस राहिला नाही. मीठ सोडलं, म्हणजे चवीत रस राहिला नाही. आणि उसासे ऐकलेस? माझ्या एका गिऱ्हाईकाचे असेच होते. पॉलिसी घेऊन वर्ष व्हायचं होतं बिचाऱ्याचं."

"मग?"

"मग काय! वर्षाच्या आत जीव दिला म्हणून कंपनीनं छदाम दिला नाही."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. रडल्या मात्र नाहीत. सवय मोडली होती.

दुसऱ्या सकाळी टिपकागदाचं दाढीचं सामान गायब! कपाटातली कात्री गायब, कपडे वाळत घालायची दोरी गायब, आणि भाजी चिरायची सोय नाही म्हणून सासूबाई भोपळा हातानं फोडत बसलेल्या.

"दाढीचं कुठं गेलं?"

"दाढी छान दिसेल हो तुम्हाला, जावईबापू," सासूबाई नजर चुकवत म्हणाल्या.

"अहो, पण…"

"आणि अंघोळीला गेलात की कडी लावू नका. आणि गाणं म्हणा आत."

"गाणं? का?"

"म्हणजे आम्हाला बाहेर बरं वाटतं."

या घरातली माणसं आपल्या बेताप्रमाणे खचत चालली आहेत, या आनंदात टिपकागदानं फारशी चौकशी केली नाही. त्यानं न्हाणीघरात गाणं म्हटलं. मध्येच साबण डोळ्यात गेला म्हणून गप्प झाला, तर मेहुणा दार ढकलून आत! "दाजी! धीर सोडू नका!" म्हणत त्यानं ओल्या, साबण लावलेल्या टिपकागदाला कडकडून मिठी मारली. "निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबा! मी आजच तुमचा फॉर्म भरतो!"

दाढी वाढली. न खाण्यानं गाल आत गेले. वाक्य मिळत नाही या काळजीनं डोळ्यांखाली काळं आलं. आता उसासे मुद्दाम टाकावे लागत नव्हते, आपोआप पडत होते. ऑफिसात तो दिवसभर भिंतीकडे बघत बसे. अनुस्वारानं त्याच्याकडे बघून एकदा शीळ घातली. तीही नाकातून.

गुरुवारी मेहुण्यानं त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही आणि परस्पर ऑफिसला फोन लावला.

"साहेब, दाजींचं काही खरं नाही. सोपं नाव सांगायचं तर डिप्रेशन. तुम्ही एकदा येऊन जाल का? म्हणजे, वेळ आहे तोवर?"

शुक्रवारी संध्याकाळी पूर्णविराम आले. हातात फळांची पिशवी, मागे अनुस्वार. शुक्रवार हा शेवटचा दिवस, प्रतिस्पर्धी अंथरुणावर. अनुस्वाराचा चेहरा सहानुभूतीनं नुसता फुलला होता.

दोघांना बैठकीत बसवलं. मिणमिणता दिवा. ओढलेले पडदे. थांबलेलं घड्याळ. समोर दाढी वाढलेला टिपकागद, त्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मेहुणा, दोघांनी त्याचा एकेक दंड धरलेला. पाहुण्यांपुढे बिनमिठाचा चिवट पदार्थ. त्याचं नाव सासूबाईंनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

"कसं वाटतंय?" पूर्णविरामांनी विचारलं.

"सर, मी एकदम ठणठणीत आहे!" टिपकागद कळवळून म्हणाला. "हे सगळं मी वाक्यासाठी…"

"असंच म्हणतात ते," मेहुणा हळूच म्हणाला. "शेवटी शेवटी."

शांतता अशी पसरली, की तिच्यावर बसता आलं असतं. पूर्णविराम बंद घड्याळाकडे बघत होते. बघता बघता त्यांचे खांदे उतरले, हनुवटी खाली आली, आणि ज्या माणसानं आयुष्यात स्वतःबद्दल चकार शब्द काढला नव्हता, तो माणूस सावकाश बोलू लागला.

"माझ्या घरीही असंच असतं. कुलूप उघडतो, आत जातो. दिवा लावायचंही जिवावर येतं. सकाळी उठल्यावर मनावर जी मरगळ असते ना…"

टिपकागद उडालाच! सासूबाई आणि मेहुणा त्याच्यासकट उडाले!

"सर! तिसरा अर्थ!" अनुस्वार ओरडला. त्यानं कागदपेन काढलंसुद्धा.

पूर्णविरामांनी मान वर केली. एक क्षण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं.

"बाद," ते म्हणाले. "कोशातला माणूस."

आणि त्यांनी तो चिवट पदार्थ तोंडात घातला.

तेवढ्यात दार वाजलं. बायको डेपोतून आली होती. तिनं चपला काढल्या. बैठकीतली गर्दी बघितली, नवऱ्याचे धरलेले दंड बघितले.

"काय झालं?"

"ताई, घाबरू नकोस," मेहुणा म्हणाला. "दाजींना बरं नाही. तुझ्या लक्षातच आलं नसेल. सगळ्या घरावर अवकळा आलीय बघ! पडदे बंद, घड्याळ बंद, दिवे असे, जेवणात चव नाही. आठवडाभर काय अवस्था झालीय घराची!"

बायकोनं सगळीकडे एकदा बघितलं. पडद्यांकडे, दिव्याकडे, घड्याळाकडे. हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर लोक येऊन सांगतात, माझी छत्री काळी होती, मूठ वाकडी होती, आणि ती मागच्या फळ्यांवर बघते. तसंच.

"बदललंय होय?" ती म्हणाली. "मला काही फरक वाटला नाही."

"अगं, म्हणजे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे, मला असंच दिसतं. बरेच दिवस झाले. मला वाटलं, तुम्हालाही आता दिसायला लागलं." ती शांतपणे बोलत होती, ज्याचं कुणाकडे काही येणं नाही असा माणूस बोलतो तशी. "ताप नाही, काही नाही. कुणी काही बोललेलंही नाही. लोक येतात, छत्री मागतात, मी देते. सापडली तर त्यांना केवढा आनंद होतो! मला होत नाही. नाही सापडली तर वाईटही वाटत नाही. मनावर अशी मरगळ बसलीय ना, की एखाद्या दिवशी मीच त्या फळीवर राहिले, तर मला मागायला मीसुद्धा येणार नाही."

बैठकीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पण पडला तो पेनाचा आवाज. अनुस्वार लिहीत होता. मान खाली, जीभ दातांत, कागद मांडीवर. कुरकुर, कुरकुर, कुरकुर!

पूर्णविरामांचा हातही खिशाकडे गेला होता. मेहुण्यानंसुद्धा नुसत्या सवयीनं फॉर्म काढला होता.

आणि टिपकागद? त्याचा हात विजेसारखा छातीकडे गेला, वरच्या खिशात शिरला, खिसा चाचपला, दुसरा चाचपला. रिकामा! इतकी वर्षं तिथंच असलेलं पेन नव्हतं! त्यानं मेहुण्याकडे बघितलं.

"टोक होतं, दाजी," मेहुणा पुटपुटला.

"वहिनी," पूर्णविराम आदरानं म्हणाले, "जरा एक. 'मनावर' म्हणालात, की 'मनाला'?"

बायकोनं त्या माणसाकडे बघितलं. मग अनुस्वाराच्या पेनाकडे, मग मेहुण्याच्या फॉर्मकडे, आणि शेवटी नवऱ्याकडे. तो अजून स्वतःचे खिसे चाचपत होता. तिनं क्षणभर विचार केला. प्रश्न विचारला की नीट उत्तर द्यायची तिला कामाची सवय होती.

"मनावर," ती म्हणाली. "वर बसल्यासारखंच असतं ते."

आणि ती आत गेली.

"उत्तम वाक्य!" अनुस्वार म्हणाला. त्याला गहिवरून आलं होतं. "न विचारता! नकळत! नियमाला धरून, सर!"

"पास," पूर्णविराम म्हणाले. "टिपलं कुणी?"

अनुस्वारानं कागद उंच धरला, शाळेत पहिला आलेल्या मुलासारखा.

"सर, अहो, पण घर माझं!" टिपकागद उठायला बघत होता, दोघं त्याचे दंड सोडेनात. "बायको माझी! मरगळसुद्धा मीच…"

"तुम्ही लिहिलंत?"

"पेन नव्हतं, सर!"

पूर्णविराम उठले. जाताना ते दारात थांबले, काहीतरी बोलावंसं वाटल्यासारखे. आत, स्वयंपाकघराच्या दिशेनं त्यांनी एकदा बघितलं. मग फळांची पिशवी खुर्चीवर नीट उभी करून ठेवली.

"सोमवारी येऊन टेबल मोकळं करा," ते म्हणाले आणि गेले.

तिसरा अर्थ वाचला. मरण, मरतुकडा, मरमर सगळे सुटले एकदाचे. इकडे नोकरीच गेली म्हटल्यावर आता तर नक्कीच काहीतरी करून घेणार, असं वाटून मेहुण्यानं पकड आणखी घट्ट केली. ती सोडवायला टिपकागदाला त्याच्याकडून एक पॉलिसी घ्यावी लागली.

मग तो आत गेला. बायको ओट्याशी स्टुलावर बसली होती. शेगडी पेटवलेली नव्हती. पुढ्यात फोडलेला भोपळा होता आणि ती त्याच्याकडे, पडद्याकडे बघायची तशी बघत होती. टिपकागद दारात उभा राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं गोळा केलेली. स्वतःचं एक जवळ नव्हतं.

"कधीपासून गं?" त्यानं शेवटी विचारलं.

"आठवत नाही."

"मला सांगायचंस तरी."

तो आत येऊन दुसऱ्या स्टुलावर बसला. बराच वेळ दोघं भोपळ्याकडे बघत होते. आणि एकाएकी टिपकागदाच्या मनात काहीतरी उजळलं. नोकरी गेली होती, दाढी खाजत होती, पण एक गोष्ट त्याच्या हातून चांगली घडली होती! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यानं स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"एक बघितलंस का? सगळे लिहीत होते. त्या माणसानं लिहिलं, तुझ्या भावानं कागद काढला. एवढं हातातोंडाशी आलेलं वाक्य! नोकरी होती त्याच्यावर! पण मी एक अक्षर लिहिलं नाही. मी नुसतं ऐकलं."

बायकोनं मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिनं त्याच्याकडे नीट, डोळ्यांत बघितलं.

"पेन नव्हतं म्हणून," ती म्हणाली.

खोटं कसं म्हणणार? खरंच होतं ते.